एकूण एक

कमलाक्षीने मेळाव्याची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली, तेव्हा ग्रुपवरचे दोघेतिघे वैतागले. कुवेतहून येणाऱ्या प्रज्योतने तर विमानाचं तिकीटही काढलं होतं. पण तिला कोणी काही बोललं नाही. दहावी 'ब'चा वर्ग सत्तावीस वर्षांनीही एकमेकांना धरून होता तो तिच्यामुळे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गौरवीने मात्र फोन लावला. ती हरमलला पर्यटकांना खोल्या भाड्याने द्यायची. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या, त्यामुळे तिला तेवढा अधिकार होता.

"चाळीस जण येतायत. एकासाठी किती थांबायचं गो?"

"एकूण एक आला पाहिजे," कमलाक्षी म्हणाली. "नाहीतर नकोच."

पेडण्याच्या बाजारात कमलाक्षीचं झेरॉक्सचं दुकान होतं. लग्न करून दोडामार्ग-सावंतवाडीला गेलेल्या मुलींचे पत्ते मिळेनात, तेव्हा ती गणेश चवथीच्या दिवसांत त्यांच्या माहेरच्या दारात जाऊन उभी राहिली होती. चवथीला लेकी माहेरी येतात, हा तिचा हिशेब. दीपाच्या नवऱ्याला बांबोळीच्या इस्पितळात ठेवलं, तेव्हा रक्त द्यायला वर्गातलेच सहा जण तिने तासाभरात उभे केले. कोरोनात गौरवीच्या खोल्या ओस पडल्या, तेव्हा दर रविवारी हरमलला येऊन ती नुसती सोबत बसायची. स्वतःचा संसार मांडायचं तेवढं तिच्याकडून राहून गेलं.

त्रेचाळीस जणांपैकी दोघे वारले. दुसरा श्रीनाथ, गेल्या वर्षी. त्याच्या बाराव्याला ती एवढी रडली की घरच्यांनाच तिची समजूत काढावी लागली. परतताना ती गौरवीला म्हणाली होती, "आता उशीर करून चालायचं नाही."

उरला होता तो पांडुरंग भोगण.

त्याचे आईवडील चंदगडहून बांधकामावर आलेले. दहावीच्या डिसेंबरात परब बाईंचं मनगटी घड्याळ टेबलावरून नाहीसं झालं. मधल्या सुट्टीत पांडुरंग फळा पुसायला मागे थांबला होता, एवढं निमित्त पुरलं. बाईंनी त्याला पुढे बोलावलं, सगळ्यांदेखत त्याचं दप्तर उलटं केलं. घड्याळ निघालं नाही. तरी शाळा सुटेपर्यंत तो फळ्याजवळ उभाच होता. दुसऱ्या दिवशी आला नाही, परीक्षेलाही बसला नाही. पुढे त्याचं नाव कोणी काढलं नाही.

कमलाक्षी मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येक चंदगडी कामगाराला त्याच्याबद्दल विचारायची. वर्षानुवर्षं सगळे नाही म्हणत आले. या एप्रिलमध्ये एक जण म्हणाला, तो फरश्या बसवायची कामं घेतो, कारापूरला घर केलंय.

त्याच दुपारी कमलाक्षी गौरवीच्या स्कूटरवर मागे बसली. वर्गातले तिला पांडुरंगावरून चिडवायचे, ते गौरवीला आठवलं. एवढी वर्षं मनात जपलंय बिचारीने, असं तिला वाटलं.

पांडुरंगाने दोघींना ओळखलं. त्याच्या लेकीने पाणी आणलं, बायकोने, भागीरथीने, चहा दिला. तो सगळ्यांची चौकशी करत राहिला, पण मेळाव्याचा विषय निघाल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"मला बघितलं की त्यांना तेच आठवणार," तो म्हणाला.

"म्हणूनच ये," कमलाक्षी म्हणाली. "भागीरथीला आण. लेकीलाही आण."

बाकी कोणाला घरची माणसं आणायची परवानगी नव्हती. गौरवीला तिच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं.

मेळावा मे महिन्यातल्या रविवारी झाला. गौरवीने आपलं अंगण देऊ केलं होतं, सगळ्यांना समुद्राचा वाराही मिळाला असता. पण कमलाक्षीला तोच वर्ग हवा होता. परब बाई आता डिचोलीला लेकाकडे असत. त्यांना तिने स्वतः गाडी करून आणलं आणि हात धरून खुर्चीत बसवलं. बाकांत गुडघे मावेनात म्हणून हशा पिकला. व्हरांड्यात पातळभाजी आणि पावासारखे गरम उंडे येऊन पडले होते. पांडुरंग दाराशी घुटमळला, तेव्हा प्रज्योतने उठून त्याला मिठी मारली आणि आपल्या शेजारी बसवलं. मागच्या बाकावर भागीरथी आणि लेक टेकल्या.

मग गौरवी बोलायला उभी राहिली. हे भाषण तिने आठ दिवस घोकलं होतं. वर्गात भांडणं झाली, माणसं दूर गेली, पण एका मुलीने कोणालाच सुटू दिलं नाही, असं ती म्हणाली. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं, असंही म्हणाली. टाळ्या थांबेनात. दीपा डोळे पुसत होती. परब बाईंनीही मान डोलावली.

गौरवीने शाल उघडली. कमलाक्षी पुढे आली, पण तिने शाल घेतली नाही. गौरवीचा हात हलकेच खाली केला आणि ती फळ्याजवळ जाऊन उभी राहिली. पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत तिने बोटाने एकेक माणूस मोजला. एकेचाळीस, तिच्यासकट. गौरवीला वाटलं, आता ही रडणार.

ती रडली नाही. तिने पांडुरंगाकडे पाहिलं, त्याच्या लेकीकडे पाहिलं, आणि मग बाईंकडे वळली.

"बाई, त्या दिवशी वर्गात होते त्यांतले हयात आहेत तेवढे सगळे आज इथे आहेत," ती म्हणाली. "ते घड्याळ मी घेतलं होतं."