समोरचं मैदान

"व्यायाम राहू दे ना ताई, उशीर होतोय!" धाकटी बुटांच्या नाड्या आवळत म्हणाली. आज घरासमोरच्या मैदानात तिचा बास्केटबॉलचा पहिलाच सामना होता. गेल्या वर्षी ताईसुद्धा अशीच घाईघाईने, अंग मोकळं न करता मैदानात उतरली होती. उडीनंतर ताठ पायांवर आदळली, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं आणि खेळ कायमचा सुटला. वर्षभर कुणाला न दाखवलेला पाय ताईने उघडा केला आणि धाकटीचा हात रोडावलेल्या मांडीवर ठेवला. धाकटीला हुंदका फुटला. "रडतेस काय वेडे? उडी मार. उतरताना गुडघे वाकव, मांजरासारखी अलगद ये." डोळे पुसत, सगळा व्यायाम करून धाकटी पळाली. "तू नाही जात बघायला?" आईने विचारलं. "तिथल्या पायऱ्या चढवत नाहीत गं," ताई म्हणाली. समोरच्या मैदानाला पायऱ्याच नव्हत्या. शिट्टी वाजली, तशी आईने मैदानाकडची खिडकी लावली.