पंधरा सेंटिमीटर

घरामागचा कालवा पंधरा सेंटिमीटर गोठला की वोब्बे नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांताची अकराही शहरं एका दिवसात स्केटिंग करत पालथी घालणार होता. गेल्या सव्वीस हिवाळ्यांत साऱ्या गल्लीला हे पाठ झालं होतं. बर्फच दरवर्षी दगा द्यायचा, त्याला तो बिचारा काय करणार!

आज त्यानं बायकोला मोजायला धाडलं. रिंस्केनं गिरमिटानं भोक पाडून पट्टी आत घातली. चांगला सतरा सेंटिमीटर! तिनं वळून पाहिलं, तर हा खिडकीत हात जोडून, डोळे मिटून उभा.

ती घरात आली.

"किती गं?"

"चौदा."

"छ्या! एका सेंटिमीटरनं घात केला बघ!" म्हणत त्यानं वाटाण्याचं सूप आणखी वाढून घेतलं.

तेवढ्यात ऐंशी वर्षांची शेजारीण कालव्यावरून सुर्रकन गेली, वर हातही हलवून गेली.

वोब्बेनं पडदा ओढला. "हल्ली लोकांना जिवाची पर्वाच नाही!"