मधली जागा

पारोळा मागे पडलं आणि लोटन आबांच्या पोटात ढवळायला लागलं. मोटार नवी होती, ड्रायव्हर ऐटबाज होता, टपाच्या खाली ‘जलद’ अशी रंगवलेली पाटी होती. रस्ता मात्र जुनाच होता. आबांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. खिडकीशी ते, बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची सून मंजुळा आणि मध्ये एरंडोलची एक म्हातारी, भिकुबाई. सासऱ्याला सुनेचा धक्का लागू नये म्हणून आबांनीच तिला धुळ्याला आग्रह करून मध्ये बसवलं होतं.

आगगाडीने गेलं की हा प्रश्नच येत नसे. सून बायकांच्या डब्यात, आबा पुरुषांच्या. पण चाळीसगावला गाडी बदलावी लागते, फलाटावर ताटकळत बसावं लागतं आणि तिथे कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच. “काय आबा, सुनेला माहेरी का?” असं विचारतं. या खेपेला आबांना त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी मंजुळेचा पाळणा हलला नव्हता. घरात ठरलं, तिला माहेरी पोहोचवायचं आणि मुलाचं दुसरं लग्न लावायचं. तिला सांगितलं, चार दिवस आईला भेटून ये. पोहोचवायचं काम आबांच्या गळ्यात पडलं. मोटार सकाळी निघते, दुपारच्या आत जळगावला टेकते. तिच्या भावाच्या हाती पोरगी सोपवायची आणि आल्या पावली परतायचं. काम वाईट तर वाईट, निदान लवकर तरी उरकेल, असा त्यांनी विचार केला. निघताना एकच गोष्ट त्यांना टोचली होती. दर खेपेला मंजुळा सासूकरवी विचारायची, मला घ्यायला कोण येईल? आज तिने ते विचारलं नव्हतं.

मोटारीने एक गचका खाल्ला आणि आबांचा सकाळचा चहा खिडकीबाहेर गेला. मागच्या बाकावरचे दोघे तोंड दाबून हसले. मंजुळा भिकुबाईच्या कानाशी लागली. मग भिकुबाईने आबांच्या हातात लिंबू ठेवलं.

“हाई लिंबू हुंगा. पोर सांगस, खाले देखू नका, दूर झाडेसकडे देखा.”

मंजुळा आबांशी बोलायची ती अशीच. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, हा घरचा रिवाज. काही सांगायचं असलं तर ते सासूच्या तोंडून. सासू घरात नसली तर दाराआडून बांगड्या वाजायच्या आणि आबांनी ओळखायचं की ताट वाढलंय. एकदा अंगणात आबांच्या पायाजवळून विंचू चालला होता. तेव्हाही तिने जीव खाऊन बांगड्याच वाजवल्या, पण तोंड उघडलं नाही. सून असावी तर अशी, म्हणून आबांनी ती हकिगत गावभर कौतुकाने सांगितली होती.

एरंडोलला भिकुबाई उतरली. जाता जाता म्हणाली, “आबा, पोर गुनी शे. संभाळा तिले.”

मधली जागा रिकामी झाली. तिकडे कोणीच सरकलं नाही. मंजुळेने आपलं गाठोडं तिथे ठेवलं आणि पदर आणखी खाली ओढला.

पाळधीच्या अलीकडे आबांना खिडकी गाठता आली नाही. धोतर भरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळ्या मोटारीत आपली शोभा झाली, असं वाटून त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात शेजारी बांगड्या वाजल्या. गाठोड्यावर ओलं फडकं ठेवलेलं होतं. आबांनी तोंड पुसलं. पुन्हा बांगड्या वाजल्या. आता पाण्याचा तांब्या होता. पाणी पिता पिता आबांचे डोळे भरून आले. जिला टाकायला निघालो तीच आपल्याला सावरतेय, या विचाराने त्यांना स्वतःचीच किळस आली.

जळगावला मोटारीतून उतरल्यावर ते तिथल्याच एका ओट्यावर बसले. मंजुळा गाठोडं घेऊन चार हात अंतरावर उभी राहिली. परतीची मोटार समोरच उभी होती. बायको काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल, हे सगळं आबांच्या डोळ्यांपुढे आलं. सगळं आपण पाहून घेऊ, असं ठरवून त्यांनी ते बाजूला सारलं.

“सुनबाई,” ते म्हणाले, “चाल, घर जाऊत. पुढलं बठ्ठं मी देखी लिसू.”

मंजुळा हलली नाही. कोपऱ्यावरून तिच्या भावाची बैलगाडी वळत होती. तिने ती पाहिली. मग तोंडावरचा पदर मागे घेतला, माहेरी मुली घेतात तसा नुसता डोक्यावर ठेवला आणि आबांच्या समोर येऊन उभी राहिली. तिचा उघडा चेहरा आबा पहिल्यांदाच पाहत होते.

“आबा, जाताना आगगाडीनं जा,” ती म्हणाली. “मोटार तुमले सोसस नही.”

वाकून तिने नमस्कार केला आणि ती गाडीत जाऊन बसली.

आबा त्या आवाजातच अडकून पडले. किती मायेचा आवाज. सून आपल्याशी बोलली. आठ वर्षांत पहिल्यांदा बोलली. घरी जाऊन बायकोला हे कधी सांगतो असं त्यांना झालं. बैलगाडी दिसेनाशी झाली तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

सून सासऱ्याशी बोलत नसते.