सहाच्या आतली गोळी

वेदना हा निव्वळ मनाचा खेळ असतो. एव्हरशाईन सोसायटीमध्ये ध्यानवर्ग घेणारे श्रीरंगराव, कालच टाचेचं ऑपरेशन झालेलं असूनही, भेटायला आलेल्या शिष्यांना हे हसतमुखाने समजावत होते.

"अहो, इंजेक्शन देऊन पाय बधिर केलाय. सहापर्यंतच टिकेल म्हणालेत डॉक्टर," मनोरमाबाईंनी गोळी पुढे केली. "ही त्याआधी घ्यायचीय. साडेपाच झाले."

"ती तू ठेव तुझ्या डोकेदुखीला."

शिष्य भक्तिभावाने हसले. मनोरमाबाई घड्याळाकडे बघत बसल्या.

सव्वासहाला श्रीरंगरावांचं वाक्य अर्ध्यावरच थांबलं, कपाळावर घाम फुटला आणि हात आपोआप पुढे आला. मनोरमाबाईंनी त्यावर गोळी ठेवली.



त्या गोळीचा गुण यायला पाऊण तास लागतो.