बटण येईल त्याचा चहा

ग्रिम्सबीतलं घर उद्या सोडायचं होतं, म्हणून नणंद ऑड्रीबरोबर शेवटचा डाव मांडला. पिशवीतून अक्षरांच्या सोंगट्या काढायच्या आणि त्यांतून इंग्रजी शब्द जुळवायचे. एका हरवलेल्या सोंगटीच्या जागी कोटाचं बटण होतं. ते ज्याला येईल त्याने चहा करायचा, हा घरचा नियम. सवयीने मी खुर्चीवरच्या विल्फच्या टोपीतही मूठभर सोंगट्या टाकल्या. “मेलेल्या नवऱ्याला कसली अक्षरं वाटतेस गं?” ऑड्री फणकारली. “तुझ्यापेक्षा बरे शब्द लावायचा तो.” “शब्द कसले? खलाशांच्या शिव्या खपवायचा!” सोंगट्या संपल्या तरी बटण दोघींनाही आलं नाही. ऑड्रीने टोपी उपडी केली. बटण टेबलावर घरंगळलं. “ऊठ रे आळशा, चहा तुझा!” ती हसली. तोच स्वयंपाकघरात किटलीची शिट्टी वाजली. गॅस सकाळीच तोडला होता. ऑड्रीने माझा हात घट्ट धरला. “मला बिनसाखरेचा, दादा.”