गुळाची ढेप

"तुमी कवा कुणाला रगात निघंस्तोवर मारलंय का?" मैत्रीण जरिनानं पैज लावली म्हणून तासगावच्या हौसानं बघायला आलेल्या कप्तानाला थेट विचारलंच.

तो हसला. "एकाहत्तरच्या लढाईत तशी पाळी आली नाही. पण काल पुण्याच्या विमानतळावरून शहरात येताना बसमध्ये एका खेडवळाची गुळाची ढेप माझ्या पँटला चिकटली. पट्ट्याच्या बकलानं त्याचं थोबाडच फोडलं, वर लाथ घालून खाली ढकललं."

होणाऱ्या जावयाला आणायला आबा काल गूळ घेऊन विमानतळावर गेले होते. चुकामूक झाली, येताना बसमधून पडलो, एवढंच घरी म्हणाले. आता आतल्या खोलीत जबड्याला हळद लावून पडले होते.

हौसानं आतलं दार सताड उघडलं.


"आबा, तुमच्या जबड्याला लागली तेवढी हळद बास. आय, मला लावायची न्हाई."