दुसरा मजला

दंडावरचा पट्टा फुगला तशी गोदाक्कांनी डोळे मिटून घेतले. बीपी वाढलेलं असलं की फिजिओथेरपिस्ट पोरगी गुडघ्याचा व्यायाम देत नसे, आणि व्यायामाशिवाय गुडघा सुटणार कसा? "गुडघा सुधारला की गावी नेतो," असं शहरात आणताना लेकाने कबूल केलं होतं. त्या काळजीनेच बीपी चढायचं आणि व्यायाम हुकायचा.

आज पोरीने लेकाला बाहेर बसवलं आणि विचारलं, "आजी, गावाकडे अंगणात काय काय लावलंय?"

गोदाक्का सांगत सुटल्या. कढीपत्ता, अबोली, सासूने लावलेला फणस. पोरीने पुन्हा मोजलं.

"उतरलं की! आज व्यायाम करायचा."

लेक आत आला, खूश झाला. "मॅडम, महिन्याभरात आई जिने चढेल ना? गावच्या घराला गिऱ्हाईक आलंय. घर हिच्या नावावर, सहीला हिलाच जावं लागणार. रजिस्ट्रार ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही."

पलंगावर चढता चढता गोदाक्का थांबल्या. परत खुर्चीत बसल्या आणि दंड पुढे केला.

"पोरी, पुन्हा एकदा मोज गं. आता वाढलं असेल."